मोबाईलवरील नेट आणि त्याच्या वाटेवरचे पांच नाके

घरांतील नळाला पाणी आलें नाहीं, म्हणजे गृहिणी प्रथम तोटी फिरवून पाहते. मग गच्चीवरील टांकी, मग शेजाऱ्यांकडील नळ, आणि सर्वांत शेवटीं नगरपालिकेच्या कचेरींत चौकशी. हा क्रम तिला कोणीं पाठ करून दिलेला नसतो. पाणी कोठून निघतें, कोणत्या वाटेनें येतें आणि कोठें अडूं शकतें, हें तिला ठाऊक असतें. त्या ज्ञानांतूनच हा क्रम आपोआप सुचतो. मोबाईलवरील नेट बंद पडलें कीं मात्र हींच शहाणीं माणसें गोंधळून जातात. कोणी फोन तीन वेळां बंद करून चालू करतो, कोणी पुन्हां रिचार्ज मारतो, तर कोणी सरळ फोन उचलून कोपऱ्यावरील दुकानदाराच्या हातीं देतो. येथें बुद्धि कमी पडते असें नव्हे. नेटची वाट कशी आहे हें कोणीं सांगितलेलें नसतें, एवढेंच.

पुण्यांतील एका घराचें उदाहरण घ्यावें. घरांत सेवानिवृत्त गृहस्थ आणि त्यांच्या पत्नी, दोघेंच. मुलगा अमेरिकेंत. दिवाळींत येऊन गेला, तेव्हां स्वतःचा जुना परंतु चांगला फोन आईवडिलांसाठीं ठेवून गेला. गृहस्थांनीं आपलें सिम त्या फोनांत घातलें. कॉल येऊं लागले, जाऊं लागले. नेट मात्र येईना. घरीं वायफाय नाहीं. रविवारीं संध्याकाळीं नातवाचें तोंड फोनावर दिसावयाचें, तें बंद झालें. गृहस्थ फोन घेऊन दुकानांत निघाले, तेव्हां पत्नीनें त्यांना दारांतच थांबविलें.

“अहो, त्या फोनांत आपली बँक आहे. तो दुकानांत उघडा देऊन यायचें म्हणजे किल्लीवाल्याला तिजोरीपाशीं बसवून भाजीला जाण्यासारखें आहे.”

“मग काय करावयाचें? रविवार तर परवांवर आला.”

“आधीं कोठें अडलें आहे तें तरी पाहूं या.”

या एका वाक्यांत सर्व विषयाचें सार आहे. कोठें अडलें हें पाहावयाचें तर वाट ठाऊक पाहिजे. म्हणून प्रथम वाटेविषयीं थोडें सांगणें जरूर आहे.

भारतांत मोबाईलवरील पहिला कॉल ३१ जुलै १९९५ रोजीं कलकत्त्याहून दिल्लीस झाला. त्या फोनाला बोलणें ठाऊक होतें, नेट ठाऊक नव्हतें. बोलण्याची जुनी रीत अशी कीं, दोन माणसें बोलत असतां त्यांच्यासाठीं एक वाट राखून ठेवावयाची. दोघें गप्प बसलीं तरी ती वाट तिसऱ्यास मिळत नसे. नेटची रीत निराळी आहे. निरोप, चित्र, आवाज, जें कांहीं पाठवावयाचें त्याचे लहान लहान तुकडे केले जातात आणि प्रत्येक तुकड्यावर पत्ता घालून तो टपालांतील पाकिटाप्रमाणें सोडून दिला जातो. एकाच वाटेनें हजारों लोकांचीं पाकिटें मागेंपुढें जातात आणि मुक्कामीं पोंचल्यावर पुन्हां जुळविलीं जातात. अमेरिकेंतील पॉल बॅरन आणि इंग्लंडांतील नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीमधील डोनाल्ड डेव्हिस यांनीं १९६० नंतरच्या दशकांत ही कल्पना एकमेकांपासून स्वतंत्रपणें मांडली. ‘पॅकेट’ हें नांव डेव्हिस यांनीं दिलेलें. मोबाईलच्या जगांत ती जीपीआरएस या नांवानें २००० सालच्या सुमारास आली. पुढें तिसरी व चौथी पिढी आली, आणि १ ऑक्टोबर २०२२ रोजीं भारतांत पांचव्या पिढीचा प्रारंभ झाला. वेग अनेक पटींनीं वाढला. परंतु पाकिटें पाठविण्याची मूळ रीत तीच राहिली.

फोनांतून निघालेल्या पाकिटाला बाहेरच्या जगांत जाण्यापूर्वीं पांच नाके ओलांडावे लागतात. ते क्रमानें असे.

पहिला नाका खुद्द फोनांतच आहे. ‘मोबाईल डेटा’ या नांवाची कळ चालू पाहिजे, आणि विमानाचें चित्र असलेली कळ बंद पाहिजे. ज्या फोनांत दोन सिमें असतात, त्यांत डेटा एका वेळीं एकाच सिमवरून जातो. तो कोणत्या सिमवरून जावा हें मालकानें ठरवावयाचें असतें. पुष्कळ घरांत असें आढळतें कीं रिचार्ज एका सिमवर आणि डेटा दुसऱ्या सिमवर लावलेला. मग पैसे भरूनही नेट येत नाहीं. दुसरी गोष्ट वायफायची. फोन वायफायशीं जोडलेला असेल, तर तो मोबाईलच्या डेटाकडे सहसा वळत नाहीं. आणि त्या वायफायलाच पुढें नेट नसेल, तर फोन बंद दुकानापुढें गिऱ्हाईक उभें राहावें तसा उभा राहतो. म्हणून तपासणीच्या वेळीं वायफाय बंद करणें हें बरें. एकच ॲप चालत नसेल व बाकी सर्व चालत असेल, तर दोष नेटचा नव्हे. त्या ॲपला डेटा वापरण्याची मोकळीक आहे कीं नाहीं, तेवढें पाहावें.

दुसरा नाका टॉवरचा. यालाच लोक ‘रेंज’ म्हणतात. फोन आणि टॉवर यांच्यामध्यें रेडिओच्याच जातीच्या लहरी असतात. अंतर एवढेंच कीं घरांतील रेडिओ केवळ ऐकतो, फोन ऐकतो आणि बोलतोही. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यांत ज्या चढत्या रेघा दिसतात, त्या टॉवर किती स्पष्ट ऐकूं येतो हें दाखवितात. नेट चालू आहे असें त्या सांगत नाहींत. त्यांच्याजवळ ‘४जी’ किंवा ‘५जी’ असें चिन्ह असतें. बहुतेक फोनांवर रेघा भरपूर, पण हें चिन्ह नाहीं, असें दिसलें कीं समजावें : टॉवर भेटला आहे, पाकिटांची वाट उघडलेली नाहीं. फोनानें कोणत्या पिढीचें जाळें धरावें ही निवडही सेटिंग्जमध्यें असते. जिओच्या जाळ्यांत दुसरी व तिसरी पिढी मुळींच नाहीं. तेव्हां कोणीं निवड ‘केवळ २जी’ अशी करून ठेवली असेल, तर त्या सिमला टॉवरच सांपडावयाचा नाहीं.

तिसरा नाका ओळखीचा. टॉवरच्या मागें बसलेली कंपनी विचारते, ‘कोण आहे?’ उत्तर सिम देतें. सिममध्यें एक लांब क्रमांक असतो, सामान्यतः पंधरा आंकड्यांचा. तो लोक एकमेकांना सांगतात तो दहा आंकडी नंबर नव्हे. त्याचे पहिले तीन आंकडे देशाचे. भारतासाठीं ते ४०४ किंवा ४०५ असतात. त्यापुढचे आंकडे कंपनीचे, आणि उरलेले त्या ग्राहकाचे. केवळ क्रमांक सांगून भागत नाहीं. सिममध्यें एक गुप्त किल्ली असते आणि तिची जोड कंपनीपाशीं असते. कंपनी एक आंकडा पाठविते. सिम त्या आंकड्यावर गुप्त किल्लीनें गणित करून उत्तर धाडतें. उत्तर जुळलें तर ओळख पटली. किल्ली स्वतः कधींही हवेंतून जात नाहीं. हरवलेल्या किंवा बिघडलेल्या सिमच्या जागीं त्याच नंबराचें दुसरें सिम घेतल्यास पहिले चोवीस तास एसएमएस बंद ठेवण्याची पद्धति भारतांत आहे. भामट्यानें दुसऱ्याच्या नांवें सिम काढलें, तरी बँकेचा ओटीपी लगेच त्याच्या हातीं पडूं नये, हा तिचा हेतु. तेव्हां नव्या सिमवर एसएमएस येत नाहीं म्हणून घाबरून जाऊं नये.

चौथा नाका हिशेबाचा. योजनेची मुदत संपली नाहीं ना, त्या योजनेंत डेटा आहे ना, आणि आजचा वांटा संपला नाहीं ना, हे तीन प्रश्न येथें येतात. नेट सुरू किंवा बंद करण्यास ग्राहकाची स्पष्ट संमति लागावी, असा नियम दूरसंचार नियामक प्राधिकरणानें २०१५ सालीं केला आणि त्यासाठीं १९२५ हा क्रमांक ठरवून दिला. दैनिक वांट्याविषयीं एक गैरसमज फार आढळतो. वांटा संपल्यावर पुष्कळ योजनांत नेट तुटत नाहीं. त्याचा वेग सेकंदास ६४ हजार बिटांवर उतरतो. म्हणजे किती, याचें त्रैराशिक सोपें आहे. साधारण छायाचित्र दहा लक्ष बाइटांचें धरावें. एका बाइटांत आठ बिट, म्हणून ऐशीं लक्ष बिट झाले. त्यांस ६४ हजारांनीं भागलें तर उत्तर १२५ सेकंद येतें. एका छायाचित्राला दोन मिनिटांहून अधिक वेळ! अशा वेगावर नातवाचें हलतें चित्र दिसणें शक्य नाहीं. मात्र चार शब्दांचा निरोप सुखानें जातो. निरोप जातो पण चित्र येत नाहीं, असें झालें कीं दोष फोनांत न शोधतां वांटा पाहावा.

पांचवा नाका सर्वांत कमी परिचयाचा आहे, आणि पुण्याच्या त्या घरांत गाडी येथेंच अडली होती. कंपनीच्या वाड्याला अनेक दरवाजे असतात. एक दरवाजा सर्वसाधारण नेटकडे उघडतो. एखादा मोठ्या कारखान्यानें स्वतःच्या नोकरांसाठीं राखून घेतलेला असतो. फोनानें कोणत्या दरवाजानें बाहेर जावयाचें तें नांव घेऊन सांगावें लागतें. या नांवाला ‘ॲक्सेस पॉइंट नेम’ किंवा थोडक्यांत ‘एपीएन’ म्हणतात. जिओचें नांव ‘जिओनेट’, भारत संचार निगमाचें ‘बीएसएनएलनेट’, एअरटेलचें ‘एअरटेलजीपीआरएस’ व त्यापुढें टिंब आणि ‘कॉम’. फोनांत हीं नांवें अर्थातच रोमन लिपींत, लहान अक्षरांत आणि मध्यें जागा न सोडतां लिहावयाचीं. फोन हें नांव उच्चारतो, तेव्हां त्याच्या शेवटीं कंपनीचे व देशाचे आंकडे आणि ‘जीपीआरएस’ हीं अक्षरें जाळ्यांत आपोआप जोडलीं जातात, आणि त्यावरून दरवाजाचा ठिकाणा काढला जातो. जीपीआरएस हें दुसऱ्या पिढीचें नांव. घराण्याचें जुनें आडनांव नव्या पिढीनेंही लावावें, तसें तें अद्याप चालत आलें आहे. नांव जुळलें कीं दरवाजावर फोनाला तात्पुरता पत्ता मिळतो. त्या पत्त्यावरच जगांतून उत्तराचीं पाकिटें परत येतात.

बहुतेक लोकांना हा नाका कधीं दिसतच नाहीं, याचें कारण फोनच तो परस्पर पार करतो. सिम घालतांच फोन त्या पंधरा आंकड्यांपैकीं देशाचे व कंपनीचे आंकडे वाचतो आणि आपल्या पोटांतील यादी पाहून दरवाजाचें नांव भरतो. परंतु परदेशीं विकला गेलेला संच असला, किंवा कोणीं जुन्या नोंदींत फेरफार केलेला असला, तर नांव कोरें राहतें किंवा चुकीचें पडतें. मग कॉल कसे चालतात, हा प्रश्न येथें साहजिक आहे. चौथ्या पिढीच्या जाळ्यावर बोलणेंही पाकिटांतूनच जातें. परंतु त्यासाठीं कंपन्यांनीं ‘आयएमएस’ नांवाचा स्वतंत्र दरवाजा ठेवलेला असतो. एक दार उघडें आणि दुसरें बंद असूं शकतें. त्यामुळें ‘कॉल चालतात, म्हणजे बिघाड नाहीं’ हें अनुमान बरोबर नाहीं.

आतां पुन्हां त्या घराकडे वळूं या. पत्नीनें एका कागदावर हे पांच नाके लिहिले आणि गृहस्थांनीं एकेक तपासला. डेटाची कळ चालू होती. रेघा चार होत्या. कॉल होत होते, म्हणजे सिमची ओळख पटली होती. रिचार्जची मुदत महिनाभर शिल्लक होती. राहिला पांचवा. सेटिंग्जमध्यें ‘मोबाईल नेटवर्क’ किंवा ‘सिम’ असें सदर असतें, त्यांत ‘ॲक्सेस पॉइंट नेम्स’ हें पोटसदर. फोन करणाऱ्या कंपन्या या सदरांचीं नांवें थोडीफार बदलतात. आयफोनांत ‘मोबाईल डेटा’ या सदरांत तें सांपडतें, अर्थात् सिमच्या कंपनीनें तें उघडें ठेवलें असेल तर. गृहस्थांनीं पोटसदर उघडलें. यादी रिकामी होती.

नांव कोणतें लिहावयाचें? कॉल चालत होते, ही येथें मोठी सोय झाली. सिमच्या कंपनीच्या ग्राहकसेवेला कॉल करून त्यांनीं नांव विचारलें आणि एकेक अक्षर कागदावर उतरवून घेतलें. नंतर बेरजेच्या चिन्हावर बोट ठेवून नवी नोंद उघडली. पहिल्या ओळींत स्वतःला ओळखूं येईल असें कोणतेंही नांव चालतें. ‘एपीएन’ या ओळींत मात्र दिलेलीं अक्षरें तंतोतंत पाहिजेत. प्रॉक्सी, पोर्ट, वापरकर्त्याचें नांव, पासवर्ड या ओळी साध्या ग्राहकाला सामान्यतः कोऱ्याच ठेवावयाच्या असतात.

पहिल्या प्रयत्नांत यश आलें नाहीं. परत जाऊन पाहतात तों यादी पुन्हां रिकामी. नोंद लिहून झाल्यावर कोपऱ्यांतील तीन टिंबांवर बोट ठेवून ‘सेव्ह’ करावें लागतें. त्यांनीं नुसतेंच मागें येण्याचें बटन दाबलें होतें. दुसऱ्या प्रयत्नांत नोंद राहिली, तरी नेट येईना. पत्नीनें चष्मा लावून ओळ पाहिली. फोनाच्या कळफलकानें शब्द पुरा करतांना शेवटीं एक मोकळी जागा आपणहून सोडली होती. डोळ्यांना न दिसणारी ही जागा फोनाला अक्षरासारखीच वाटते. ती पुसली, नोंद सेव्ह केली, नांवापुढील गोल खूण निवडली, आणि विमानाची कळ दहा सेकंद चालू करून बंद केली. असें केल्यानें फोन टॉवरशीं नव्यानें ओळख करून घेतो आणि सर्व नाके पुन्हां पहिल्यापासून ओलांडतो. रेघांच्या शेजारीं ‘४जी’ हें चिन्ह उमटलें. सर्व मिळून अर्धा तास लागला.

हा अर्धा तास दुकानांत पांच मिनिटांत झाला असता, असें कोणी म्हणेल. बहुतेक दुकानदार प्रामाणिक असतात, यांतही शंका नाहीं. परंतु आजचा फोन म्हणजे एकाच वेळीं पत्रपेटी, पैशाची पिशवी आणि सही करण्याचा हात आहे. उघडा फोन परक्याच्या हातीं पांच मिनिटें जरी गेला, तरी तेवढ्या वेळांत ओटीपी वाचतां येतो, नवें ॲप घालतां येतें, आणि प्रॉक्सीच्या कोऱ्या ओळींत भलताच पत्ता लिहून पाकिटांची वाट दुसरीकडे वळवितां येते. नेट लावण्यासाठीं बँकेचा पिन, कार्डाचा क्रमांक किंवा ओटीपी यांपैकीं कशाचीही गरज नसते. फोनावरून ‘तुमचें नेट दुरुस्त करून देतों, तेवढें हें ॲप घ्या’ असें कोणी सांगूं लागला, तर संभाषण तेथेंच थांबवावें. त्यांतूनही पैसे गेलेच, तर १९३० या क्रमांकावर विनाविलंब तक्रार करावी. दुकानांत जाणें अटळच असेल, तर कुलूप स्वतः उघडावें, समोर उभें राहावें आणि घरीं आल्यावर ‘प्रॉक्सी’ची ओळ व ॲपांची यादी एकदां पाहावी.

परदेशीं मुलांकडे जाणाऱ्या आईवडिलांनीं आणखी एक कळ ध्यानांत ठेवावी, ती ‘डेटा रोमिंग’ची. परक्या देशांत गेल्यावर फोन तेथील टॉवर धरतो. परंतु दरवाजा बहुधा आपल्याच कंपनीचा, भारतांतला, वापरला जातो. लंडनमध्यें बसून लंडनचेंच वर्तमानपत्र उघडलें, तरी पाकिटें भारतांत येऊन परत जातात, आणि दोन कंपन्यांचा हिशेब ग्राहकाच्या माथीं बसतो. त्या देशासाठींची योजना घेतलेली नसेल, तर ही कळ विमानांत बसण्यापूर्वींच बंद करावी आणि पोंचल्यावर घरच्या वायफायवर काम भागवावें.

कळ, रेंज, ओळख, हिशेब आणि दरवाजा, असे हे पांच नाके. एवढे पांच शब्द फोनाच्या खोक्याच्या झांकणावर लिहून ठेवले, तरी घरांतील बहुतेक अडचणी घरांतच सुटतील. ज्या सुटणार नाहींत, त्यांत निदान कोठें अडलें आहे हें तरी सांगतां येईल, आणि ज्याला आपली अडचण नेमकी सांगतां येते त्याला फसविणें कठीण असतें. त्या गृहस्थांनीं तो कागद घडी करून नव्या फोनाच्या वेष्टणांत ठेवला आहे. रविवारीं संध्याकाळीं नातवानें पलीकडून विचारलें, “आजोबा, नेट कोणीं लावून दिलें?” त्यावर त्यांनीं फोन पत्नीकडे वळविला.